हरवलेले शून्य : ‘काउंट बग’चा इतिहास

आजचा धागा एका चुकीचा आहे. १९८२ साली ती एका मान्यवर शोधपत्रिकेत छापली गेली, १९८४ मध्ये एका जर्मन संशोधकाने ती दाखवून दिली आणि १९८७ मध्ये तिची नीट दुरुस्ती प्रसिद्ध झाली. डेटाबेसच्या इतिहासात ती ‘काउंट बग’ या नावाने ओळखली जाते. चूक एवढीच, की एका यादीतून शून्य गळाले. परंतु गळालेली नोंद पुष्कळदा नेमकी तीच असते, जिच्या शोधासाठी प्रश्न विचारलेला असतो. शिवाय ती दुरुस्त होताना जे जे खाचखळगे सापडले, तेच आजही अहवालांतील आकडे बिघडवत असतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. जून १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले. माहिती तक्त्यांत ठेवावी; काय हवे ते माणसाने सांगावे, ते कसे शोधायचे हे यंत्राने ठरवावे, असा त्याचा गाभा. १९७४ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या कल्पनेला ‘सीक्वेल’ नावाच्या भाषेचे रूप दिले. ते नाव एका ब्रिटिश विमान कंपनीने आधीच नोंदवलेले निघाले, म्हणून पुढे ‘एसक्यूएल’ झाले. (बॉइस यांना भाषेचा हा प्रवास पाहता आला नाही. त्याच वर्षी, तिशी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.)

‘कसे शोधायचे ते यंत्राने ठरवावे’ या वाक्यात एक मोठे वचन दडलेले आहे. यंत्राला प्रश्नाची मांडणी बदलण्याची मोकळीक आहे, मात्र उत्तर बदलता कामा नये. ही मांडणी बदलणाऱ्या भागाला ऑप्टिमायझर म्हणतात. आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ या प्रायोगिक प्रणालीतील ऑप्टिमायझरचे वर्णन पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ च्या निबंधात केले. त्या विषयाचा तो आजही पायाभूत निबंध मानला जातो.

त्या ऑप्टिमायझरला एका प्रकारचे प्रश्न जड जात. प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असावा आणि आतल्या प्रश्नाचे उत्तर बाहेरच्या प्रत्येक ओळीगणिक बदलावे, असे ते प्रश्न. समजा, एका तक्त्यात कोठारातील सुट्या भागांची शिल्लक आहे आणि दुसऱ्यात त्या भागांच्या आलेल्या खेपांची नोंद आहे. विचारायचे असे, की ‘१९८० पूर्वी ज्या भागाच्या जितक्या खेपा आल्या, तितकीच ज्याची शिल्लक आहे, असे भाग कोणते?’ सरळ मार्गाने जायचे तर एक भाग घ्यावा, खेपांचा तक्ता चाळून मोजणी करावी, ती शिल्लकेशी ताडून पाहावी. मग दुसरा भाग घ्यावा आणि पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागावे. भाग दहा हजार असतील, तर तक्ता दहा हजार वेळा चाळायचा. त्या काळच्या संथ चकत्यांवर हे परवडणारे नव्हते.

वॉन किम या संशोधकाने १९८२ मध्ये यावर तोडगा सुचवला. एसीएम या संस्थेच्या डेटाबेसविषयक शोधपत्रिकेत आलेल्या त्याच्या निबंधात पोटप्रश्नांचे प्रकार पाडलेले होते आणि प्रत्येक प्रकार सपाट कसा करावा, याची रीत दिली होती. वरच्यासारख्या प्रश्नासाठीची रीत दिसायला सुरेख आहे. प्रथम खेपांचा तक्ता एकदाच चाळावा आणि प्रत्येक भाग क्रमांकापुढे खेपांची संख्या मांडून एक तात्पुरता तक्ता करावा. मग तो सुट्या भागांच्या तक्त्याशी जोडावा. दहा हजार फेऱ्यांऐवजी एक मोजणी आणि एक जोडणी. कोणत्याही अनुभवी माणसाला हे पटकन पटते, आणि नेमका येथेच धोका होता.

व्हेर्नर कीसलिंग या संशोधकाने १९८४ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका टिपणात या रीतीला छेद देणारे उदाहरण मांडले. त्याचा सांगाडा असा. तीन सुटे भाग आहेत. पहिल्याची शिल्लक ६, दुसऱ्याची १, तिसऱ्याची ०. १९८० पूर्वी पहिल्याच्या २ खेपा आल्या, दुसऱ्याची १ आली, तिसऱ्याची एकही आली नाही. मग शिल्लक आणि खेपा कोणाच्या जुळतात? दुसऱ्याच्या, कारण १ बरोबर १. आणि तिसऱ्याच्याही, कारण ० बरोबर ०. मूळ प्रश्न सरळ मार्गाने सोडवला तर ही दोन नावे येतात. किमच्या रीतीने सोडवला तर मात्र एकच, दुसऱ्याचे.

तिसरा भाग गेला कोठे? तात्पुरता तक्ता खेपांवरून केला होता. ज्याची खेपच नाही, त्याचा गट पडत नाही, आणि गट नाही म्हणून त्यापुढे ० लिहायलाही जागा नाही. एसक्यूएलमधील ‘ग्रुप बाय’ असलेल्या गटांची मोजणी करते. नसलेल्या गटांची तिला वार्ता नसते. पुढे जोडणीच्या वेळी तिसऱ्या भागाला जोडीदार मिळाला नाही आणि तो निमूटपणे बाहेर पडला. कोठे संदेश उमटला नाही, काही अडले नाही. उत्तर एका ओळीने आखूड झाले, इतकेच.

शून्य म्हटले की आपल्याकडे ब्रह्मगुप्ताचे नाव निघतेच. ते येथे बाजूला ठेवू. हे शून्य गणिताला ठाऊक होते. ते लिहिण्यापुरती ओळ तक्त्यात उरली नव्हती, ही खरी अडचण.

कीसलिंगने १९८५ च्या व्हीएलडीबी परिषदेत मांडलेल्या निबंधाच्या शीर्षकात या धोक्यांना पाण्याखालच्या खडकांची उपमा दिली आहे. ती मला समर्पक वाटते. खडकावर आपटेपर्यंत पाणी सपाटच दिसते.

आता एक बारकावा, जो सहसा सांगितला जात नाही. या चुकीला ‘काउंट’चेच नाव का पडले? बेरीज, सरासरी, कमाल, किमान यांत ती का दिसत नाही? कारण एसक्यूएलमध्ये ओळीच नसतील, तर ‘काउंट’ शून्य देते. ‘सम’ मात्र शून्य देत नाही, ‘नल’ देते. नल म्हणजे ‘किंमत उपलब्ध नाही’ अशी खूण. नलशी केलेली तुलना खरीही ठरत नाही, खोटीही ठरत नाही. ‘अज्ञात’ ठरते, आणि अज्ञात ठरलेली ओळ उत्तरातून वगळली जाते. म्हणजे बेरजेच्या प्रश्नात तिसरा भाग सरळ मार्गानेही गळतो आणि किमच्या रीतीनेही गळतो. दोन्ही उत्तरे जुळतात, त्यामुळे चूक उघडी पडत नाही. रिकाम्या संचाची बेरीज शून्य, हा गणितातील संकेत एसक्यूएलने पाळला असता, तर ‘सम बग’ही त्याच दिवशी जन्माला आला असता. भाषेतील एका वादग्रस्त निर्णयाने ऑप्टिमायझरमधील चुकीवर पांघरूण घातले होते.

हा निर्णय खरोखरच वादग्रस्त आहे. कॉड यांनी १९७९ च्या निबंधात नल आणि त्यामागचे त्रिमूल्य तर्कशास्त्र विस्ताराने मांडले. माहिती ठाऊक नसणे आणि ती शून्य असणे यांत फरक आहे, हे त्यांचे म्हणणे रास्तच होते. १९९० च्या पुस्तकात तर त्यांनी ‘ठाऊक नाही’ आणि ‘लागूच नाही’ अशा दोन वेगळ्या खुणा सुचवल्या. त्यांचेच सहकारी आणि रिलेशनल मॉडेलचे मोठे भाष्यकार क्रिस डेट मात्र नलचे कडवे विरोधक राहिले. रिकाम्या बेरजेचे उत्तर नल यावे, याला त्यांचा विशेष आक्षेप. मला डेट यांची बाजू येथे बळकट वाटते, कारण ज्या संचात एकही ओळ नाही, त्यात ‘ठाऊक नसलेले’ असे काय असणार? पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात आजही वेगळी सूचना दिलेली आहे, की ओळी नसताना ‘सम’चे उत्तर, वाटते तसे, शून्य येत नाही.

नलचा दुसरा उपद्रव रोजच्या बेरजेत होतो. तीन कर्मचाऱ्यांचे मूळ वेतन १००, २०० आणि ३०० आहे. भत्ता १०, नल आणि ३०. वेतनाची बेरीज ६०० आणि भत्त्याची ४०, मिळून ६४०. आता प्रत्येक ओळीत वेतन अधिक भत्ता करून मग बेरीज घ्या. मधली ओळ २०० अधिक नल, म्हणजे नल. आणि ‘सम’ नल वगळते. उरते ११० अधिक ३३०, म्हणजे ४४०. माहिती तीच, पण उत्तरात दोनशेंचा फरक. सरासरीतही हेच होते, कारण ‘अ‍ॅव्हरेज’ नल असलेली ओळ भाजकातही धरत नाही. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणकात अशा वेळी द्यायच्या इशाऱ्याला ०१००३ हा संकेतांकही नेमून दिलेला आहे. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर तो इशारा देतो. आणि आपण तो वाचत नाही.

मूळ कथेकडे वळू. १९८७ मध्ये रिचर्ड गान्स्की आणि हॅरी वाँग यांनी सिगमॉड परिषदेत किमच्या रीतीची दुरुस्ती मांडली. या निबंधाला तांत्रिक इतिहासात मान आहेच. पण माझ्या मते एकत्रित आकडे का चुकतात हे शिकायचे असेल, तर इतके नेमके दुसरे काही क्वचितच सापडेल.

दुरुस्तीचा पाया आहे आउटर जॉइन. साधी जोडणी फक्त जोडीदार असलेल्या ओळी ठेवते. आउटर जॉइन जोडीदार नसलेली ओळही ठेवते आणि तिच्या रिकाम्या रकान्यांत नल भरते. तिसरा भाग आता तक्त्यात उरतो. किमच्या बाजूने एक सांगायला हवे. त्या काळच्या एसक्यूएलमध्ये आउटर जॉइन लिहिण्याची सोयच नव्हती. १९८६ च्या पहिल्या प्रमाणकात ती नाही, १९८९ च्या आवृत्तीतही नाही. १९९२ मध्ये ती आली. भाषेत शब्द नसला, की विचारही त्या वाटेला सहसा जात नाही.

पण आउटर जॉइन वापरला की काम झाले, असेही नाही. येथून पुढे तीन खडक आहेत.

पहिला खडक ओळ मोजण्याचा. तिसऱ्या भागाची ओळ उरली, तिच्यात खेपेचे रकाने नल आहेत. आता ‘काउंट (*)’ लिहिले, तर ते ओळी मोजते आणि उत्तर येते १. ज्याची एकही खेप आली नाही, त्यापुढे एक खेप! येथे खेपेच्या तक्त्यातील रकाना मोजावा लागतो, कारण रकान्याची मोजणी नल वगळते आणि उत्तर ० येते. सेसार गालिंदो-लेगारिया आणि मिलिंद जोशी यांनी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ऑप्टिमायझरविषयी लिहिलेल्या निबंधातही, मांडणी बदलताना ‘काउंट (*)’च्या जागी रकान्याची मोजणी घालावी लागते, हे नोंदवलेले आहे.

दुसरा खडक अटीच्या जागेचा. ‘१९८० पूर्वी’ ही अट कोठे लावायची? आधी सगळ्या खेपा आउटर जॉइनने जोडल्या आणि नंतर तारखेची चाळणी लावली, तर नल तारखेची ओळ त्या चाळणीतून पडते आणि शून्य पुन्हा हरवते. म्हणून खेपा आधी चाळून घ्याव्यात, मग जोडाव्यात, असा या दुरुस्तीचा क्रम आहे. आजच्या भाषेत सांगायचे, तर लेफ्ट जॉइनच्या उजव्या तक्त्यावरील अट ‘ऑन’मध्ये जावी, ‘व्हेअर’मध्ये नव्हे. लेफ्ट जॉइन लिहूनही ओळी गळत असतील, तर सर्वांत आधी येथे पाहावे. निदान बहुधा येथेच होते.

तिसरा खडक उलट दिशेचा. येथे आकडा घटत नाही, फुगतो. बाहेरच्या तक्त्यात एकच भाग क्रमांक दोनदा असेल, तर जोडणीत त्याच्या खेपाही दुप्पट होतात. म्हणून गान्स्की आणि वाँग बाहेरच्या तक्त्यातून आधी भाग क्रमांकांची एकेरी यादी काढतात. व्यवहारात हा खडक पैशांच्या अहवालात फार भेटतो. ९०० रुपयांचे एक बिल आहे, त्यात ३ वस्तू आहेत, आणि ग्राहकाने ते २ हप्त्यांत फेडले आहे. बिल, वस्तू आणि हप्ते हे तिन्ही तक्ते एकदम जोडले, तर त्या बिलाच्या ६ ओळी होतात आणि बिलाच्या रकमेची बेरीज येते ५,४००. घाईत अनेक जण बेरजेत ‘डिस्टिंक्ट’ घालून हा आकडा आवरतात. ती मलमपट्टी आहे. ९०० रुपयांची दोन वेगळी बिले असतील, तर डिस्टिंक्ट त्यांतले एक गिळून टाकते, आणि मग आकडा फुगलेला नसतो, खंगलेला असतो. खरा उपाय म्हणजे प्रत्येक तक्त्याची बेरीज आपापल्या जागी आधी करून, बिलामागे एकच ओळ उरली की मग जोडणे.

यावरून दोष शोधण्याची पद्धतही हाती येते, आणि ती अगदी साधी आहे. एकत्रित आकडा विचित्र दिसला, की सूत्राकडे पाहू नये. बेरीज आणि गट काढून टाकावेत, नुसत्या ओळी पाहाव्यात. जोडणीपूर्वी ओळी किती होत्या आणि जोडणीनंतर किती झाल्या, हे मोजावे. घटल्या असतील, तर कोणाला जोडीदार मिळाला नाही ते शोधावे. वाढल्या असतील, तर कोणत्या बाजूला किल्ली एकेरी नाही ते शोधावे. मग ओळींची मोजणी आणि रकान्याची मोजणी शेजारी ठेवावी. दोन्हींतील अंतर म्हणजे नलची संख्या. यंत्र बेरीज क्वचितच चुकते. बेरजेच्या पंगतीला कोण बसले आणि कोण दाराबाहेर राहिले, येथे सगळा घोळ असतो.

हरवलेल्या शून्याची किंमत काय असते, ते एका हिशोबात पाहू. एखाद्या जिल्ह्यात ४० आरोग्य केंद्रे आहेत असे धरा. महिन्याभरात ३० केंद्रांना मिळून लशींच्या ६० खेपा पोचल्या, १० केंद्रांना एकही नाही. खेपांच्या तक्त्यावरून अहवाल काढला, तर यादीत ३० केंद्रे येतात आणि सरासरी २ दिसते. खरी सरासरी दीड आहे. पण सरासरीचे दुःख दुय्यम. ज्या दहा केंद्रांकडे अधिकाऱ्याने आधी पाहायला हवे, ती कागदावरच नाहीत. त्यांच्यापुढे ० छापले असते, तर नजर तेथे थांबली असती. प्रत्येक अहवाल हा केंद्रांच्या यादीपासून सुरू व्हावा, खेपांच्या यादीपासून नव्हे. किमच्या रीतीतील तात्पुरता तक्ता नेमका उलट्या टोकापासून सुरू झाला होता.

शून्यानंतर आता एकूण बेरजेची ओळ. जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘डेटा क्यूब’ची कल्पना मांडली. प्रत्येक जिल्ह्याची बेरीज, प्रत्येक वर्षाची बेरीज आणि सर्वांची एकूण बेरीज एकाच प्रश्नात मिळावी, असा तिचा हेतू. एकूण बेरजेच्या ओळीत जिल्ह्याच्या रकान्यात काय लिहायचे? त्यांनी ‘ऑल’, म्हणजे ‘सर्व’, अशी खास किंमत सुचवली. भाषेत नवी किंमत आणणे अवघड, म्हणून शेवटी तेथे नल लिहायचे ठरले. झाले असे, की ज्या नोंदीत जिल्हा लिहायचा राहून गेला होता तिचा नल आणि एकूण बेरजेचा नल डोळ्यांना सारखेच दिसू लागले. दोन्ही वेगळे ओळखण्यासाठी ‘ग्रुपिंग’ नावाचे स्वतंत्र फंक्शन पुरवावे लागले. १९९९ च्या प्रमाणकात ‘रोलअप’ आणि ‘क्यूब’बरोबर तेही आहे. रोलअपच्या अहवालात एकूण बेरजेच्या दोन ओळी दिसल्या, तर त्यांतली एक बहुधा अनाम जिल्ह्याची असते.

या कथेचा एक धागा पवईपर्यंत येतो. डेटाबेसवरील ज्या पाठ्यपुस्तकावर आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्या वाढल्या, त्याचे सहलेखक एस. सुदर्शन हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. त्यांच्या गटाने ‘एक्सडेटा’ नावाची प्रणाली विकसित केली. त्यावरील एक निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी क्वेरी बरोबर दिसते, पण तिच्यात साध्या जोडणीच्या जागी आउटर जॉइन हवा होता का, एका एकत्रित फंक्शनच्या जागी दुसरे हवे होते का, हे कसे पडताळायचे? ही प्रणाली क्वेरीची किंचित बदललेली रूपे विचारात घेते आणि मूळ क्वेरी व बदललेले रूप यांची उत्तरे वेगळी येतील, असा छोटासा विदासंच आपोआप घडवते. पुढे विद्यार्थ्यांच्या क्वेरी तपासण्यासाठीही तिचा उपयोग झाला. १९८४ मध्ये कीसलिंगने उदाहरण रचून जे केले, तेच हे काम. आणि दोन्ही जोडण्यांतील फरक उघडा पाडायचा असला, की तिला विदासंचात एक ओळ मुद्दाम घालावी लागते, पलीकडे जोडीदार नसलेली. कीसलिंगच्या कोठारातला, एकही खेप न आलेला तिसरा भाग तसाच होता.